आधी बोट, मग डोळा

मला राग लवकर येतो. आमच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. मी शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. शिवून आलेला शर्ट माझ्या टेबलावर पडतो. मी त्याची कॉलर, खांदे, काखा, बटणपट्टी तपासते. कुठे टाका सुटला असेल तर तिथे लाल बाणाचा स्टिकर लावते आणि शर्ट परत फेकते. शिवणाऱ्या बायका मला माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. म्हणोत बापड्या. डोळ्यात तेल घालून काम करणाऱ्या बाईला कुणी गोड म्हणत नाही.

आमच्या कामाची एक रीत आहे. आधी बोट, मग डोळा. डोळा दमतो, आणि जे दिसायला हवं तेच त्याला दिसायला लागतं. बोट असं फसत नाही. शिवणीवरून बोट सरकवत न्यायचं, जिथे ते अडेल तिथे डोळ्याने बघायचं. नवीन आलेल्या पोरींना हे शिकवताना माझं डोकं फिरतं, पण आमच्या बारकीने सुट्टीत माझ्याबरोबर येऊन ते एका सकाळीत उचललं होतं. बारकी म्हणजे माझी मुलगी. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव पडलं ते पडलं.

तर या बारकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. हिचे वडील मालवाहू बोटीवर कामाला आहेत, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच असतात, त्यामुळे घरातला आनंदही मलाच करावा लागतो आणि खरेदीही. माझा धाकटा भाऊ स्वतः इंजिनिअर आहे. त्याला मी साहेब म्हणते, आणि त्याला ते आवडत नाही म्हणूनच म्हणते. साहेबांचा फोन आला. "ताई, आलेख काढणारा कॅलक्युलेटर घेऊ नकोस, प्रोग्रॅम करता येतो तो तर अजिबात नको, परीक्षेत बसू देत नाहीत. साधा सायंटिफिकच घे, पण त्यातला वरचा घे. मोठ्या स्क्रीनचा. त्यात अपूर्णांक पुस्तकात असतात तसे दिसतात, चार-चार ओळी एकदम. चार वर्षं बघायला नको."

मी म्हटलं, ठीक आहे, वरचाच घेऊ. मुलगी एकुलती एक, आणि कारखान्यात मी सगळ्यांना सांगून बसले होते.

दुकान कॉलेजच्या रस्त्यावरच होतं. अरुंद, लांबट, दोन्ही बाजूंना छतापर्यंत वह्या, आणि पुढे काचेचं कपाट. दुकानदार वाळक्या अंगाचा, कानावर पेन खोचलेला. दुपार होती, गर्दी बेताची. मी म्हटलं, "काका, इंजिनिअरिंगसाठी सायंटिफिक कॅलक्युलेटर दाखवा. वरचा."

त्याने वरचा काढला. दिसायला छानच होता. काळाभोर, सपाट, बटणं अशी बसवलेली की वरून हात फिरवला तर पाटीच वाटावी. मी तो बारकीच्या हातात दिला. तिने त्याच्याकडे जेमतेम पाहिलं, अंगठा एकदा बटणांवरून फिरवला आणि परत काचेवर ठेवला.

"दुसरा दाखवा ना," ती म्हणाली. "जुन्या पद्धतीचा. जाड बटणांचा."

दुकानदाराने खालच्या खणातून एक खोका काढला, त्यावर धूळ होती. "हा आता कुणी घेत नाही, ताई. एका ओळीचा आहे. आकडे मोठे आहेत, एवढंच. चालायला दणकट, पण मुलांना नवंच लागतं."

"हाच," बारकी म्हणाली.

माझं डोकं सणकलं. "का गं? मामा काय सांगतो, आपण काय घेतोय? तुझ्या वर्गात सगळी पोरं चार ओळींचा घेऊन बसतील आणि तू हा घेऊन बसणार? माझ्याकडे बघून बोल."

ती माझ्याकडे बघेना. वर्षभर तिची ही नवी खोड होती. बोलताना तोंड माझ्याकडे, पण नजर भलतीकडेच, कधी माझ्या खांद्यावरून मागे, कधी दाराकडे. मी किती वेळा ओरडले असेन. वयात आलेली मुलगी नजर चुकवते म्हटलं की आईच्या मनात जे यायचं ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं होतं. कुणी मुलगा आहे का, म्हणून तिच्या मैत्रिणीलाही विचारून झालं होतं. मैत्रीण नुसती हसली होती.

"मला हा हाताला बरा वाटतो," बारकी पुटपुटली.

आणि मग तिने तो धुळकट कॅलक्युलेटर खोक्यातून काढला, हातात धरला आणि बटणांवरून बोट सरकवत नेलं. सावकाश, एकेक ओळ. पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा होता, तिथे बोट अडलं, थांबलं, मग तिथून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. नजर कुठे तर छताच्या पंख्याकडे. मी बघतच राहिले. ते माझं बोट होतं. खांद्याच्या शिवणीवरून मी असंच नेते.

माझा राग कुठल्या कुठे गेला. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. मी दुकानदाराला म्हटलं, "बघा काका. चेकरची मुलगी आहे. बोटाने माल ओळखते. मीच शिकवलंय."

"वा," दुकानदार म्हणाला. "मग करून बघा म्हणावं एखादं गणित."

"सत्तेचाळीस बंडलं, एकेका बंडलात अडतीस शर्ट," मी म्हटलं. हे आमचं रोजचंच.

बारकीने न बघता टकटक बटणं दाबली, मग कॅलक्युलेटर थोडा तिरका धरून म्हणाली, "सतराशे शहाऐंशी."

दुकानदाराने आपल्या गल्ल्याजवळच्या डबड्यावर आकडे मारून पाहिले. "सतराशे शहाऐंशी. बरोबर." आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला पेनाच्या कांड्या दाखवायला वळला.

मी म्हटलं, ठीक आहे, तुझाच हट्ट. साहेबांना मी सांगते काय सांगायचं ते. पण मी चेकर पडले, माल हातात घेतल्याशिवाय पुढे सरकवत नाही. तिच्या हातातून मी तो घेतला. बटणं कडक होती, खाली जाऊन नीट वर येत होती. स्क्रीनवर मात्र काही नव्हतं. मी चालू करायचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. अंगठ्याने काच पुसली, उजेडाकडे धरून पाहिलं. स्क्रीन कोरीच.

"काका, हा बंद पडला."

दुकानदाराने मान वळवून पाहिलं. "बंद पडायला चालू कधी झाला, ताई? नवा पीस आहे. सेलखालची पट्टी ओढायची राहिलीय. मागे बघा, कागदाचं टोक बाहेर आलंय."

मी मागे पाहिलं. टोक होतं.

दुकानदार परत पेनांच्या कांड्यांकडे वळला. त्याला काही कळलं नाही, आणि कळावं असं काही त्याच्यापुरतं घडलंही नव्हतं. मी बारकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सतराशे शहाऐंशी तिने डोक्यात काढले होते, त्यात नवल नव्हतं, लहानपणापासून ती तोंडी हिशेबात पक्की. नवल हे की तिने आकडे मारले, कॅलक्युलेटर तिरका धरला, मेलेल्या स्क्रीनकडे पाहिलं आणि वाचल्यासारखं उत्तर दिलं. स्क्रीन कोरी आहे हे तिला दिसलंच नव्हतं.

मी कॅलक्युलेटर काचेवर ठेवला. "काका, आलोच," म्हटलं, आणि तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं.

दुकानाशेजारी झेरॉक्सवाल्याने गिऱ्हाइकांसाठी एक बाक टाकला होता. तिथे तिला बसवलं. मी ओरडले नाही. माझ्यासारखी बाई ओरडत नाही म्हणजे काय समजायचं ते समजा.

"किती दिसतं तुला?" मी विचारलं.

"कडेचं दिसतं," ती म्हणाली. "मधलं दिसत नाही."

"मधलं म्हणजे?"

"जिथे बघते ते. तिथे डाग आहे. आधी बारीक होता, आता मूठभर झालाय. रस्ता दिसतो, माणसं दिसतात, जिना दिसतो. ज्याच्याकडे बघेन तेवढंच पुसलं जातं." मग ती म्हणाली, "तुझ्याकडे सरळ बघितलं की तुझं तोंड नसतं, आई. म्हणून मी बाजूला बघते. बाजूला बघितलं की थोडी दिसतेस."

वर्षभर मी जिच्यावर ओरडत होते, माझ्याकडे बघ म्हणून, ती वर्षभर माझ्याकडे बघण्यासाठीच नजर वळवत होती. शर्टाच्या काखेतला सुटलेला टाका मला हातभरावरून कळतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि मघाशी दुकानात तिचं चाचपडणारं बोट बघून माझा ऊर भरून आला होता. माझ्याच कामाने मला असं फसवलं होतं.

"डॉक्टरकडे—"

"जाऊन आले. मैत्रिणीची बहीण डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, तिने नेलं. चष्म्याने सुधारत नाही. औषध नाही. जन्मापासून आत असतं, या वयात बाहेर येतं म्हणाले."

"मी म्हणायचे ना, सारखा फोन नाकाला लावून बसतेस, डोळे—" आणि मी तिथेच थांबले. त्यापुढचा शब्द मी या वर्षात किती वेळा तिच्या तोंडावर फेकला होता. घरोघरी आया म्हणतात तोच. डोळे फुटतील.

"फोनमुळे नाही झालं," ती म्हणाली, जणू मलाच समजावत होती. "उलट फोनवर पुस्तकाचे फोटो काढून अक्षरं मोठी करता येतात. सगळा अभ्यास तसाच केला. मार्क पाहिलेस ना?"

"पूर्ण जाणार का?"

"पूर्ण नाही जात बहुतेकांची. कडा राहतात. पण डाग किती वाढेल ते सांगता येत नाही म्हणाले."

"मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू मला घरी बसवलं असतंस."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण बाकावर बसल्यापासून मी दुसरा विचारच करत नव्हते. कसलं इंजिनिअरिंग आणि कसलं काय, हिला घरी न्यायची, वडिलांना कळवायचं, रस्ता ओलांडतानाही हात सोडायचा नाही. ती कॉलेजात वर्कशॉपच्या मशिनीजवळ उभी राहील, जिन्यावरून उतरेल, फळ्याकडे बघेल आणि तिला फळा दिसणार नाही, पोरं हसतील. माझ्या डोक्यात ती कॉलेजात चार वेळा पडून झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. "काय ताई, घेतला का? तो मोठ्या स्क्रीनचाच घेतलास ना?"

बारकीने माझ्याकडे मान वळवली. नजर माझ्या कानापलीकडे भिंतीवर. आता मला ठाऊक होतं की ती माझ्याकडे बघते आहे, आणि मी काय बोलते याची वाट बघते आहे. मी एवढंच म्हटलं असतं, साहेब, जरा घरी या, तरी सगळं संपलं असतं. भाऊ शहाणा आहे, समजूतदार आहे, त्याने दोन दिवसांत प्रवेश रद्द करून तिच्यासाठी घरबसल्या काहीतरी शोधून दिलं असतं, आणि सगळ्यांनी त्याला चांगलंच म्हटलं असतं.

"बघतोय अजून," मी म्हटलं. "आणि तू फोनवरून दुकान चालवू नकोस. ठेव." मी फोन ठेवला.

"सांगितलं नाहीस," बारकी म्हणाली.

"सांगणार आहे. आज नाही. आता मला सांग, त्या डबड्याने तू काय करणार आहेस? मला समजेल असं सांग. मी इंजिनिअर नाही."

तिने सांगितलं. बटणं उंच आहेत, सुटी आहेत, पाचाच्या टिंबावरून सगळी शोधता येतात. आठवडाभर सवय केली की बघावं लागणार नाही. सपाट कॅलक्युलेटरवर बोट घसरतं, कुठे आहे तेच कळत नाही. आणि चार ओळी म्हणजे चार ओळी बारीक किडे. याच्यात एकच ओळ, आकडे जाड, कडेने वाचता येतील. उत्तर साधारण किती यायला हवं ते तिला डोक्यात आधीच माहीत असतं, त्यामुळे चुकीचं बटण दाबलं गेलं तर तिला कळेल. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. ती कितीतरी दिवस हे मनात घोळवत होती, आणि मी तिला दुकानात जुनाट म्हणून झापत होते.

"आणि फळा?"

"फोटो काढेन."

"आणि परीक्षेचा पेपर?"

"मोठ्या अक्षरांचा मागता येतो. जास्त वेळही देतात. पण त्यासाठी आधी सांगावं लागतं."

"मग सांगायचं. पहिल्याच दिवशी. मी रजा काढून येणार आणि तुझ्या मुख्य सरांसमोर बसणार."

तिचा चेहरा उतरला. "ते नाही म्हणाले तर? हिला जमणार नाही म्हणाले तर?"

मी कारखान्यात भल्याभल्यांशी भांडले आहे, मॅनेजरच्या टेबलावर शर्ट आपटला आहे, पण तिथे बाजू कुणाची खरी ते मला पक्कं माहीत असायचं. इथे मलाच वाटत होतं की त्यांचंही खरं असेल. मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, "मला भीती वाटते, बारके. तुझ्यापेक्षा जास्त वाटते. पण लपवून नेलेला माल मी पास करत नाही. काय आहे ते सांगून जायचं."

ती रडली. थोडीशीच. मग ओढणीने नाक पुसून म्हणाली, "आणि कॅलक्युलेटर?"

आम्ही परत दुकानात गेलो. कॅलक्युलेटर काचेवर तसाच होता. मी दुकानदाराला विचारलं, "काका, आकडे बोलून दाखवणारा नसतो का?"

"असतो. पण परीक्षेत घेऊन बसली तर सगळा वर्ग उत्तरं लिहील, ताई," तो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला. बारकीही हसली. मला हसू आलं नाही, पण त्या माणसाचा राग आला नाही, हे माझ्यासाठी पुष्कळ होतं.

"हे जाड बटणांचे आहेत तेवढे सगळे काढा," मी म्हटलं.

त्याने खण उपसला. तीन-चार खोके निघाले. मी एकेक हातात घेतला, पट्टी ओढली आणि डोळे मिटले. कारखान्यात मी बोटाने तपासते तेव्हा डोळे उघडे असतात. शिवण चुकली तर डोळा आहे, असं कुठेतरी मागे असतंच. इथे मुद्दाम मिटले. अंधारात बटणं एकाएकी खूप झाली. पाच सापडला. सात सापडला. गुणिले कुठे ते सापडेना, बोट भलत्याच बटणावर गेलं, परत पाचावर यावं लागलं. मागे कुणीतरी घसा खाकरला. दुकानदार म्हणाला, "ताई, काय बघताय एवढं?" पहिल्याचं पाचाचं टिंब गुळगुळीत होतं, बाजूला ठेवला. दुसऱ्याचं बरोबरचं बटण जरा खाली बसलं की वर यायला वेळ लावत होतं, तोही बाजूला ठेवला. डोळे मिटून एवढ्या वेळात माझ्या कपाळावर घाम आला होता, आणि ही पोरगी वर्षभर अशी जिन्यावरून उतरत होती, पुस्तकं वाचत होती, माझ्या शिव्या खात होती.

मुळात तिने निवडलेला पीसच सगळ्यांत चांगला निघाला. मी त्याची पट्टी ओढली. स्क्रीनवर एक शून्य उमटलं, जाड, काळं. तो मी तिच्या हातात दिला.

"सत्तेचाळीस गुणिले अडतीस," मी म्हटलं. "आणि डोक्यातलं सांगायचं नाही. दिसतं तेवढंच सांग."

तिने बटणं दाबली. मान तिरकी केली, कॅलक्युलेटर कानाजवळ आणला, मग जरा खाली. बराच वेळ लागला. दुकानदार पेनाशी खेळत उभा राहिला. "एक," ती म्हणाली. "सात. मग... आठ असेल, किंवा शून्य. शेवटचा सहा."

मी स्क्रीन पाहिली. आठ होता.

"पास," मी म्हटलं. दुकानदाराने खोका बांधायला घेतला.

बाहेर कॉलेज सुटलं होतं. फूटपाथवर पोरांची रीघ लागली होती, पाठीवर पिशव्या, मोठमोठ्याने बोलणं. पुढच्या महिन्यात ही त्यांच्यात चालायची होती. कुणी धक्का देईल, कुणी हाक मारेल आणि हिला तोंड दिसणार नाही. मी तिचा हात धरला, मग सोडला, मग पुन्हा धरला.

"बारके, माझ्याकडे बघ," मी म्हटलं.

तिने नजर सरळ माझ्यावर आणली, मी ओरडेन म्हणून.

"तशी नाही. तुला दिसते तशी बघ."

मग तिने डोळे वळवले, माझ्या कानावरून मागे, वह्यांच्या दुकानाच्या पाटीकडे. मी मान हलवली नाही. पोरं आम्हाला वळसा घालून जात होती, एकाची पिशवी माझ्या दंडाला घासली, तरी हलले नाही.

"आई," ती म्हणाली, "कानाजवळ तुझे केस पांढरे झालेत."

"झालेत बरेच दिवस."

"मला माहीत नव्हतं."

"बघ मग," मी म्हटलं. "सावकाश बघ. मी उभी आहे."